ढोल वाजवत विहिरीवर

आमच्या गावाला इतिहास आहे हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही भांडता भांडता. त्याआधी मी तीन वर्षं पॅरिशच्या शाळेत इतिहास शिकवत होते. राजे, गड, तह, लढाया सगळं तोंडपाठ. आपल्या दारासमोरच्या कुरसाखाली, म्हणजे क्रूसाखाली, कोण उभं राहिलं होतं, याची कधी चौकशीही केली नव्हती.

गाव अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या वाटेवर. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. स्टेशनवरून चालत निघालं की अर्धा तास लागायचा. कौलारू घरं, प्रत्येक पाखाडीच्या तोंडाशी चुना लावलेला कुरुस, मागे भाताची खाचरं आणि त्यांच्या बांधावर ताड. मधोमध काळ्या दगडाचं देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहिणार. आजूबाजूच्या चार गावांचं ते एकच देऊळ, त्यामुळे बारसं, लग्न आणि माती सगळं तिथेच. पुरुष पहाटे खाचरात पाणी लावायचे, आंघोळ करून पँट चढवायचे आणि फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करायला जायचे. माझे बाबाही त्यांतलेच, फक्त त्यांच्या डोक्यावर हॅटही असायची.

देवळाच्या आणि खाचरांच्या मध्ये गावविहीर होती. दगडी बांधणीची, काठावर एक वाकडा उंबर. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही, पण लग्न म्हटलं की आम्हाला उंबर लागतोच. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरच्या बायका लाल लुगडी नेसून, ढोल वाजवत, गाणी म्हणत विहिरीवर जातात. विहिरीला विडा-नारळ देतात, पाच घागरी भरतात आणि वाजतगाजत परत येतात. याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आई आणि तिची सासू दोघी याच गावच्या, दोघींना त्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं.

माझं लग्न नाताळानंतरच्या तिसऱ्या रविवारी ठरलं होतं. नवरा कुर्ल्याच्या गावठाणातला, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. सगळं झकास चाललं होतं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला उंबराच्या बुंध्यावर सरकारी कागद चिकटला. वापरात नसलेली विहीर, डासांचा उपद्रव, सबब महिन्याभरात भराव घालून बुजवण्यात येईल.

वापरात नसलेली! हे कुणी सांगितलं? तर माझ्या बाबांनी.

त्याचं असं झालं होतं. त्याच वर्षी गावात नळ आला होता. एकच नळ, देवळाच्या कोपऱ्यावर, तोही दिवसातून दोन तास. पण गावाला त्याचा एवढा अभिमान की पाहुण्याला आधी नळ दाखवायचे, मग देऊळ. पावसाळ्यानंतर सरकारी कचेरीतून एक साहेब नकाशा घेऊन आले. गावातले मोठे पुरुष त्यांच्याभोवती जमले. साहेबांनी विचारलं, "ही विहीर वापरता का तुम्ही?" आता खरं उत्तर काय होतं? निम्मं गाव तेच पाणी भरत होतं. पण शहरातल्या साहेबासमोर आपण अडाणी खेडवळ दिसता कामा नये, या एकाच काळजीने सगळे मूग गिळून बसले आणि बाबा हॅट सारखी करत म्हणाले, "छे छे! विहिरीचं पाणी आता कोण पितो? आमच्या म्हशीसुद्धा नळाचं पितात." साहेबांनी लिहून घेतलं, बाबांनी खाली वळणदार सही केली, आणि वर साहेबांना घरी नेऊन चहा-बिस्किटं दिली.

कागद वाचला त्या दिवशी आमच्या घरी जे झालं ते विचारू नका. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, गावातल्या सगळ्या लग्नांत पाण्याची पहिली घागर तिची आणि पहिलं गाणंही तिचं. ती दारातूनच ओरडत आली. "म्हशी नळाचं पितात काय रे? मग तुला कशाला दूध पाजलं त्यांचं?"

आई मवाळ. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? नळाचं पाणी आणू. पाणी ते पाणी."

"नळाभोवती पाच बायका फेर धरणार?" आत्या म्हणाली. "नळाला नारळ देणार? नि दोन तासांत पाणी गेलं तर नवरी अर्धी न्हायलेली बसणार?"

कुर्ल्याहून होणाऱ्या नवऱ्याने निरोप धाडला, की आमच्या गावची विहीर शाबूत आहे, तिथून पाच घागरी पाठवतो. चांगल्या मनाने पाठवलेला निरोप, पण आत्याने तोही उडवून लावला. "त्याच्याच विहिरीचं पाणी अंगावर घेऊन त्याच्या घरी जायाचं? मग आपल्या घरचं काय घेऊन जाणार ही पोर?"

हे मात्र मला लागलं. मी मोठ्याने सांगून टाकलं, की या विहिरीचं पाणी नसेल तर लग्नही नाही. माझा स्वभाव तापट, बोलून मोकळी होते आणि मग निस्तरत बसते. पण त्या दिवशी रागापेक्षा भीतीच जास्त होती. मी गाव सोडून जाणार होते आणि माझ्यामागे गावही जागेवर राहणार नाही असं वाटत होतं. आज विहीर, उद्या कुरुस, परवा देऊळ. खाचरांपलीकडे एका कारखान्याची भिंत उठायला लागलीच होती.

आत्याला घेऊन मी त्या नकाशावाल्या साहेबांच्या कचेरीत गेले. साहेब घाटकोपरचे, मध्यम वयाचे, अगदी सभ्य. त्यांनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "बाई, मी काय करू? ही तुमच्या वडिलांचीच सही."

मी म्हटलं, "त्यांनी फुशारकी मारली हो. आमच्याकडे प्रत्येक लग्नात त्या विहिरीवर जातात. वाडवडिलांपासून."

"पुरावा आहे?"

"हाय की," असं म्हणून आत्याने पदर खोचला आणि भर कचेरीत उंबराच्या पाण्याचं गाणं सुरू केलं. तिचा आवाज खाचरात या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. टेबलाटेबलावरचे कारकून माना वर करून बघायला लागले. एक शिपाई तर तालावर मान डोलावत होता. साहेबांनी हात जोडले. "मावशी, गाणं फार सुंदर आहे. पण गाण्यावर तारीख नसते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जुना, अखंड चालत आलेला धार्मिक वापर असेल, तर वर जाळी बसवून, आत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडून विहीर ठेवता येते. तशी सोय आहे. पण लेखी पाहिजे. जुनं आणि लेखी."

जुनं आणि लेखी गावात एकाच ठिकाणी होतं. देवळामागच्या खोलीत, जिथे पूजेचे झगे टांगतात, तिथे एका शिसवी कपाटात पॅरिशच्या वह्या होत्या. जन्म, लग्न, मरण. जुन्या सगळ्या पोर्तुगीज भाषेत. ती वाचता येणारा माणूसही एकच, आमचे पाद्री. गोव्याचे, सत्तरीच्या घरातले, शिस्तीचे. मी गाऱ्हाणं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसून नाकावर चढवला.

"तुमचा तो ढोलाचा प्रकार मला कधी आवडला नाही," ते म्हणाले. "पण विहीर बुजवणं त्याहून आवडत नाही. उद्यापासून ये."

नाताळची सुट्टी लागली होती. रोज दुपारी मी वही-पेन्सिल घेऊन जायचे. फादर बोट ठेवून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. अमक्याचा मुलगा, तमकीची मुलगी, साक्षीदार हे, गाव ते. वाळवीने काही पानांची चाळण केलेली, काही पानं एकमेकांना चिकटलेली. घरं मात्र ओळखू येत होती. ताडाखालचं घर, कुरसाजवळचं घर, मिठागरावर कामाला जाणाऱ्यांचं घर. एका पावसाळ्यात सलग दहा पानं नुसती मरणं, पटकीची साथ. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की ज्या बांधावरून मी रोज शाळेत जाते तो त्या साथीतून वाचलेल्या माणसांनी घातला असणार. पण विहीर? विहिरीचं नाव नाही. आठ दिवस गेले. विहिरीशेजारी भरावासाठी दगडमातीचे दोन ढीग येऊन पडले. लग्नाला पंधरा दिवस उरले.

नवव्या दुपारी फादर थकून डोळे चोळत बसले होते आणि मी नुसतीच पानं उलटत होते. भाषा कळत नसली की डोळे अक्षरांऐवजी पानाच्या ठेवणीकडे जातात. माझ्या लक्षात आलं की लग्नांच्या वहीत जवळजवळ प्रत्येक नोंदीशेजारी, समासात, बारीक तिरक्या अक्षरांत एक ओळ आहे. कुठे दोन. शाई वेगळी, जोर देऊन लिहिलेली. फादरांनी ती एकदाही वाचून दाखवली नव्हती.

"फादर, हे काय आहे?"

"ते काही नाही."

"काही नाही तर इतक्या वेळा कशाला लिहिलंय?"

फादरांचे कान लाल झाले. "त्या वेळच्या पाद्रींची चिडचिड आहे ती. तुमच्या गावाची बदनामी आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गाळत होतो."

"वाचा," मी म्हटलं. शाळेत पोरांना म्हणते त्याच आवाजात. पाद्रींशी असं बोलतात का? पण ते निमूटपणे वाचायला लागले.

"हे लोक समज देऊनही ढोल वाजवत विहिरीवर गेले. शिक्षा, देवळाच्या दिव्याला तेल."

त्यांनी पान उलटलं. "हेही ढोल वाजवत विहिरीवर गेले. बायका गात होत्या. शिक्षा, मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत दाराशी गुडघ्यांवर." पुढचं पान. "विहिरीवर गेले. मी वाटेत आडवा उभा राहिलो. बायका मला वळसा घालून गेल्या."

मी हसायला लागले ती थांबेचना. फादर आधी माझ्याकडे रागाने बघत होते, मग त्यांचंही पोट हलायला लागलं. पाद्री बदलले होते, अक्षर बदललं होतं, राज्यं बदलली होती, तक्रार तीच. एका बिचाऱ्याने तर नुसतंच लिहिलं होतं, 'पुन्हा विहीर.' आमच्या बायकांना आवरता आवरता इतके पाद्री म्हातारे झाले आणि एकानेही लिहायचा कंटाळा केला नाही. देव त्यांचं भलं करो.

नक्कल करायला चार दिवस लागले. फादर सांगायचे, मी मराठीत आणि इंग्रजीत लिहायचे, खाली त्यांची सही आणि पॅरिशचा शिक्का. रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी सगळ्यांना देवळाच्या अंगणात थांबवलं आणि ती नक्कल वाचून दाखवली. नावं, घरं, शिक्षा, सगळं. पहिल्या दोन-तीन नोंदींना लोक खाली मान घालून ऐकत होते. मग कुरसाजवळच्या घराची पणजी दाराशी गुडघ्यांवर बसली होती हे कळलं आणि त्या घरचा म्हातारा छाती काढून म्हणाला, "आमची हाय ती!" झालं, तिथून पुढे नुसता जल्लोष. कुणाच्या घरात जास्त शिक्षा यावरून चढाओढ लागली. ज्यांच्या घरची एकही नोंद निघाली नाही ते हिरमुसले, वाळवीने खाल्लेल्या पानांवर आपलीच माणसं असणार म्हणून वाद घालायला लागले. आमच्या घरची एक सून तर स्वतःच्या लग्नात आणि पुन्हा नणंदेच्या लग्नात, अशी दोनदा पकडली गेली होती.

"दोनदा?" आत्या ओरडली. "शाब्बास गं बाई!"

या हसण्यात बाबा तेवढे नव्हते. महिनाभर ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. ते पुढे आले, डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या सगळ्यांनी शिक्षा घेतली पण विहीर नाय सोडली. मी एका साहेबाला बरं वाटावं म्हणून सोडली. चूक माझी आहे. उद्या जाऊन मीच सांगतो." त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांच्या हॅटचा, नोकरीचा, वळणदार सहीचा कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी कचेरीत गेलो. बाबांनी आपला जबाब स्वतःच्या हाताने मागे घेतला. म्हशींचंसुद्धा लिहून दिलं, की त्या विहिरीचंच पाणी पितात. साहेबांनी नक्कल पहिल्या पानापासून वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून डोळे पुसले, हसण्याने. मग गंभीर झाले.

"गावाच्या बाजूने कुणी लिहिलं असतं तर वरचे म्हणाले असते, सोयीचं लिहिलंय. हे तर विरोधकाने लिहिलंय. पिढ्यान्‌पिढ्या. याच्यापुढे कोण काय बोलणार?" त्यांनी फाइल बांधली. "मी वर पाठवतो. माझ्या हातात एवढंच."

मग पुन्हा वाट बघणं. घरासमोर मांडव पडला, फुग्यांचं, म्हणजे लग्नात तळायच्या गोल पावांचं, पीठ भिजत पडलं, आणि दगडमातीचे ढीग होते तिथेच. आत्याने ढोलाची वादी ताणून ठेवली होती. तिचं म्हणणं, कागद आला तर वाजवत जाऊ, नाय आला तर आणखी जोरात वाजवत जाऊ. ते सगळं ठीक, पण शुक्रवारी दुपारी भराव घालायला मजूर आले. आत्या आणि तिच्या वयाच्या चौघी जणी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसल्या आणि सुपारी कातरत राहिल्या. मुकादमाने दोनदा विनवलं. "टाक," आत्या म्हणाली, "आमच्यासकट टाक." तो बिचारा शिव्या देत माणसं घेऊन परत गेला.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः सायकलवरून आले, घामाघूम. हुकूम रद्द. जाळी बसवायची, मासे सोडायचे, विहीर राहणार. कागद बाबांनी वाचला, मग फादरांनी वाचला, मग मी, आणि प्रत्येक वेळी लोक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओरडत होते. भरावाचे ते ढीग पोरांनी आणि पुरुषांनी मिळून दुपारपर्यंत पाखाडीतल्या खड्ड्यांत घालून टाकले. लग्नासाठी रस्ता सरकारी खर्चाने दुरुस्त झाला.

त्या संध्याकाळी आमच्या घरच्या पाच बायका नव्हे, गावातली प्रत्येक बाई विहिरीवर गेली. लाल लुगड्यांची रांग देवळापासून खाचरापर्यंत. तीन ढोल. साहेबांना आत्याने जाऊ दिलंच नाही, त्यांच्या हातात नारळ देऊन पुढे चालवलं. मी रिवाजाप्रमाणे घरात बसले होते. बघितलं काहीच नाही, फक्त ऐकलं. आणि ऐकता ऐकता मला वाटलं, त्या दोनदा पकडल्या गेलेल्या सुनेपासून आत्यापर्यंत सगळ्या एकाच आवाजात गातायत. रडले. आनंदाने माणूस इतकं रडतं हे मला ठाऊक नव्हतं. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा जानेवारीच्या थंडीने दात वाजले, तरी मी म्हटलं, आणखी घाला.

रविवारी लग्न लागल्यावर सही करायला आम्ही देवळामागच्या खोलीत गेलो. मी सही केली, नवऱ्याने केली. फादरांनी वही आपल्याकडे ओढली आणि आमच्या नोंदीशेजारी, समासात, बारीक तिरक्या अक्षरांत पोर्तुगीजमध्ये एक ओळ लिहिली. मग बाबांना जवळ बोलावून वाचून दाखवली. "हे लोक ढोल वाजवत विहिरीवर गेले. शिक्षा, नवरीच्या वडिलांना. रोज सकाळी त्याच विहिरीच्या दोन घागरी, देवळाच्या बागेला. म्हणजे वापरात नाही असं पुन्हा कुणी लिहायला नको."

बाबांनी ती शिक्षा मरेपर्यंत भोगली. कचेरीत जाण्याआधी, हॅट घालून, दोन घागरी. गुलाबांना त्या पाण्याने कधी नव्हे एवढा बहर आला, असं ते सगळ्यांना सांगत.

पुष्कळ वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी माझ्या स्वतःच्या लग्नाचा दाखला काढायला मी गावी गेले. फादर कधीच वारले होते. त्यांच्यामागून दोन-तीन पाद्री येऊन गेले होते आणि आता एक तरुण पाद्री होते, पोर्तुगीजचं अक्षरही न येणारे. माझं लग्न शोधायला त्यांनी वही उघडली. माझ्या नोंदीशेजारी ती ओळ होती. तिच्या खालच्या लग्नाशेजारीही तीच होती. त्याच्या खालीही. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईने, अगदी गेल्या महिन्यात लागलेल्या लग्नापर्यंत. शेवटची ओळ या तरुण पाद्रींच्या हातची होती, एकेक अक्षर चित्रासारखं जपून काढलेलं.

"फादर, ही ओळ कसली?" मी विचारलं.

"नक्की ठाऊक नाही बाई," ते म्हणाले. "आधीचे सगळे लिहीत आले. लग्न पक्कं झाल्याचा काही शेरा असणार. चुकू नये म्हणून मीही बघून बघून लिहितो."

बाहेर कुणाच्या तरी मांडवात ढोल तापवत होते. मी दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "बरोबर आहे फादर. लिहीत राहा."